तीन वेळा केलेला हात

माझ्या टेबलावर आजवर आलेल्या अर्जांपैकी सर्वांत लहान अर्ज दुरेघी वहीच्या अर्ध्या पानावर होता. पान पट्टी लावून सरळ फाडलेले, डावीकडे समास सोडलेला, आणि वरच्या कोपऱ्यात माझाच तारखेचा शिक्का, किंचित तिरपा. तो मी येथे जसाच्या तसा उतरवून देतो. मूळ दस्तऐवजात फेरफार करण्याचा अधिकार मला नाही.

“प्रति, अज्जा. विषय : बाबांची तक्रार. महोदय, बाबा बरे झाले आहेत. ते पालखीत बसून आपल्या गल्लीतून गेले. मी अक्काच्या गॅलरीतून हात केला. त्यांनी बघितले नाही. मी तीन वेळा हात केला. ते अजून घरी आले नाहीत. तरी योग्य ती कारवाई करावी ही विनंती. आपली विश्वासू.”

खाली नाव होते. ते येथे लागत नाही.

अर्जदार माझी नात. वय सात, इयत्ता दुसरी. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो तिचा बाप, माझा एकुलता एक मुलगा. आणि अर्ज माझ्या हाती पडला त्या दिवशी त्याला जाऊन दोन महिने उलटून गेले होते.

सोलापुरात मार्चअखेरची दुपार म्हणजे जागेपणी पडलेले स्वप्न असते. मागच्या गल्लीतले यंत्रमाग जेवणाच्या सुट्टीसाठी थांबले होते आणि त्यांचा आवाज थांबल्यावर जी पोकळी उरते तिच्यात पंख्याचे पाते, नळाचा थेंब, कुठल्याशा घरातला कुकर हे सगळे फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते. मी अर्ज पुन्हा वाचला. पुन्हा वाचला. पस्तीस वर्षे न्यायालयात नोकरी केलेल्या माणसाला कागद एकदा वाचून कळतो. हाही पहिल्याच वाचनात कळला होता. पुढची वाचने मी, तो वेगळा निघावा, एवढ्यासाठी केली.

आता वस्तुस्थिती सांगतो.

मुलाचे नवी पेठेत चादरी आणि टॉवेलांचे दुकान होते. जानेवारीतल्या एका सकाळी शटर वर करता करता तो खाली बसला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तीन दिवस दवाखान्यात होता; त्या तीन दिवसांत त्याने डोळे उघडले नाहीत आणि चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. वय अडतीस. नातीला आम्ही दवाखान्यात नेले नव्हते. तो तिथे असतानाच ती “बाबा कुठे” असे विचारू लागली तेव्हा “बाबांना औषधपाण्यासाठी हैदराबादला नेलंय” असे तिला सांगण्यात आले. सांगण्यात आले, असे लिहून मी स्वतःला आडोशाला ठेवत आहे. ते मी सांगितले. खोटे विधान करणाऱ्या साक्षीदारांना मी आयुष्यभर तुच्छ लेखले, आणि माझ्या घरातले सर्वांत मोठे खोटे विधान माझ्या तोंडून, सकाळच्या चहाच्या वेळी, अगदी स्वच्छ आवाजात बाहेर पडले.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवून नेत नाहीत. त्याला अंघोळ घालतात, कपाळावर आणि दंडांवर भस्माचे पट्टे ओढतात, नवे धोतर नेसवतात, डोक्याला फेटा बांधतात, गळ्यातले लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात आणि मांडी घालून बसवतात. बांबूंवर केळीचे खुंट, झेंडूच्या माळा बांधून मखर करतात, त्यात तो बसतो. चेहरा उघडा असतो. मग माणसे त्याला खांद्यावर घेऊन झांजा वाजवत निघतात. मी हे लहानपणापासून पाहत आलो. माझ्या बापाला असे नेले, माझ्या पत्नीला असे नेले, आणि त्यात कधी काही वेगळे वाटले नाही. पण ज्या मुलीला कोणीच काही सांगितलेले नाही, तिने हे वरून पाहिले तर तिला काय दिसेल? आमच्या घरातल्या आणि भावकीतल्या एकाही शहाण्या माणसाच्या मनात हा प्रश्न आला नाही.

त्या दिवशी मखर गल्लीच्या तोंडाशी बांधले होते आणि तिला समोरच्या घरी ठेवले होते. तेथे एक साठीच्या तेलुगू बाई राहतात. घर विणकरांचे, जीभ कात्रीची. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणते. त्यांनी नातीला माडीवर रंगीत खडू देऊन बसवले, बाहेरून कडी घातली आणि स्वतः रडायला खाली दारात आल्या. गॅलरीचे दार उघडे आहे हे त्यांच्या लक्षात राहिले नाही. खडू टाकून ती गॅलरीत आली असणार. खाली झांजा, फुले, गर्दी. आणि गर्दीच्या वर, खांद्यांवर, फेटा बांधून ताठ बसलेला तिचा बाप. हैदराबादहून आलेला. बरा झालेला. एवढा बरा झालेला की लोक त्याला मिरवीत आहेत. तिने हात केला. तो तिच्या डोळ्यांसमोरून, नजर न उचलता, वळणापर्यंत गेला आणि दिसेनासा झाला.

हे तिने दोन महिने कोणालाच सांगितले नाही. ती एवढेच समजून बसली की बाप बरा झाला, गल्लीतून गेला, तिच्याकडे पाहिले नाही, आणि म्हणून घरीही येत नाही.

मला यातले काहीही माहीत नव्हते. मला दिसत होते ते एवढेच की तिने हैदराबादबद्दल विचारणे थांबवले आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की ते मी यश समजलो.

परीक्षा होईपर्यंत तिला कळता कामा नये, हा माझा हुकूम होता. त्याच्या अंमलबजावणीत मी कसूर केली नाही. मुलाच्या चपला दारातून हलवायच्या नाहीत. दाराशी आलेल्या माणसाने डोळ्यांना पदर लावायचा नाही. कोणी “लहान आहे, विसरेल” म्हणाले तर त्याला मी पाणीसुद्धा न विचारता परत पाठवले. हे वाक्य बोलणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो. विसरायला काही दिलेलेच नाही तिथे मूल विसरणार काय? शाळेला मी लेखी कळवले की सदर विद्यार्थिनीसमोर या विषयाचा उच्चार झाल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील. दुकानातल्या माणसाला, शाळेच्या रिक्षावाल्याला, दूधवाल्याला तोंडी समज दिली. एक अख्खी गल्ली मी गप्प केली.

आणि मी पत्रे लिहीत राहिलो. दवाखान्याला उपचारांचे कागद मागितले, ते आले. त्यावर प्रश्न विचारले, उत्तरे आली. आरोग्य खात्याला लिहिले. पहिल्या तासात काय केले, दुसऱ्यात काय केले, हे मिनिटवार मागितले. त्या कागदांत दोष नव्हता. दोष नसणे मला सहन होत नव्हते, म्हणून मी पुन्हा लिहीत होतो. रोज दुपारी मी टेबलाशी बसे, लेखणी चाले, माग चालत, आणि कागद, उन्हाची तिरीप, मागांची लय यांत मी असा बुडून जाई की काही क्षण मला खरेच वाटे, पुढचे एक पत्र नेमके लिहिले गेले तर निकाल फिरेल आणि संध्याकाळी पायऱ्यांवर त्याच्या पावलांचा आवाज येईल.

नात माझ्या टेबलाच्या बाजूला स्टुलावर बसे. शिक्का मारण्याचे काम तिचे. “प्रति” कुठे, “विषय” कुठे, समास किती, हे सगळे ती तिथेच शिकली. हाक मारली तर मात्र मान वळवीत नसे. जेवताना, रिक्षात बसताना, आई वेणी घालताना, नजर सरळ समोर. मला वाटे, तंद्री आहे. मला स्वतःला तरी दुसरे काय होत होते?

फेब्रुवारीत शाळेतून चिठ्ठी आली : “विद्यार्थिनी हाक मारूनही पाहत नाही. कृपया कान तपासून घ्यावेत.”

मी लगेच टेबलाशी बसलो. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यातली कलमे उद्धृत करून तीन पानी उत्तर लिहिले आणि टपालात टाकायला निघालो. अक्का दारात धान्य पाखडीत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या,

“काय वो काका, आज कुणाचा नंबर?”

“शाळेचा. मुलीचे कान तपासा म्हणतात.”

“कान चांगलं हाय तिचं. माझ्या घरातलं भांडण तुमच्या माडीवर ऐकून मला येऊन सांगते. पन बगत न्हाई वो पोरगी. माझ्याकडं बी बगत न्हाई. गॅलरीत तर येतच न्हाई आता. आधी दिवसभर तितंच लोंबकळत व्हती की.”

“लहान मुलांच्या तऱ्हा.”

“तऱ्हा!” त्यांनी सूप आपटले. “कलेक्टरला लिव्हता, दवाखान्याला लिव्हता, साळंला लिव्हता. घरात दोन बायामानसं हायत, त्येस्नी कवा लिवनार?”

“घरातल्या माणसांना पत्रे लिहीत नाहीत.”

“मग बोला की! त्ये तर त्याच्याहून सोपं हाय.”

मी पुढे गेलो. शाळेचे पत्र मात्र टाकले.

सुनेने एकदाच तोंड उघडले होते. माझ्या हुकुमाखाली ती नळ मोठा सोडून न्हाणीघरात रडत असे आणि तोंड धुऊन बाहेर येत असे. हे मला माहीत होते आणि ही तिची समंजसता आहे असे मी धरून चाललो होतो. एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली,

“मामा, आजही तिनं बाबांचं विचारलं नाही.”

“बरेच आहे.”

“विचारत होती तेव्हा बरं होतं. आता भीती वाटते. मी तिला सांगू का?”

“परीक्षा होऊ दे.”

“दुसरीची परीक्षा आहे, मामा.”

भाकरी तव्यावर फुगली, तिने ती उलटली, आणि विषय तिथेच राहिला. तो तिथे मी ठेवला.

तर तो अर्ज. मागांचा आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा मी कोरा कागद पुढे ओढला. आलेल्या प्रत्येक अर्जाला उत्तर दिलेच पाहिजे, हे मी सबंध सोलापुराला ओरडून सांगत आलो आहे. “आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की,” इथवर लिहिले. पुढे काय कळवणार? बाबा देवाघरी गेले, लिहिले. ती विचारणार, कधी येणार. बाबा आपल्याला सोडून गेले, लिहिले. तक्रार तर तिची नेमकी तीच होती. या शब्दांना प्रत्येकी एकेक पळवाट होती आणि त्या पळवाटेने तिचा बाप पुन्हा जिवंत होऊन, तिच्याकडे न पाहता, निघून जाणार होता. सहा कागद फाडले. खिडकीतले ऊन टेबलावरून सरकत स्टुलावर आले, स्टुलावरून जमिनीवर उतरले. ती शाळेतून येण्याची वेळ होत आली.

अर्ज घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. सून परातीत शेंगा घेऊन सोलत बसली होती. तिने हात पदराला पुसून कागद घेतला. वाचला. “बरे झाले आहेत” या ओळीवर तिचे बोट थांबले आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कशाचा, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

“दोन महिने,” ती म्हणाली. “दोन महिने माझ्या कुशीत झोपून ही असं धरून बसली होती.”

“उत्तर लिहायला घेतले आहे. जमत नाही.”

“लिहू नका, मामा. बसून सांगा.”

“तू आई आहेस. तू सांग.”

“अर्ज तुमच्या नावाचा आहे.” तिने परात बाजूला सारली. “मी शेजारी बसते. पण खोटं तुमचं आहे. खरंही तुम्हीच सांगा.”

इतक्या वर्षांत त्या मुलीने माझ्याशी चढ्या आवाजात एक शब्द काढला नव्हता. तेव्हाही आवाज चढला नाही. चढला असता तर मला भांडता आले असते.

नात आली. दप्तर उतरवले, हातपाय धुतले. आम्ही तिघे स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो, मध्ये शेंगांची परात. मी तिचा अर्ज समोर ठेवला.

“तुझा अर्ज मिळाला,” मी म्हणालो.

ती परातीकडे पाहत होती.

“तुझे बाबा मेले, बाळ. दवाखान्यातच मेले. हैदराबादला कोणी गेलं नव्हतं. ते मी खोटं सांगितलं.”

तिने एक शेंग उचलली. फोडली नाही.

“मग बसले कसे?”

“आम्ही बसवलं. चौघांनी धरून. पाठीला फळी लावली होती, छातीशी उपरण्यानं बांधलं होतं. आपल्यात माणूस मेल्यावर असंच बसवून नेतात.”

“फेटा कुणी बांधला?”

“मी.”

“आणि डोळे?”

“मिटलेले होते.”

“मला वाटलं उन्हामुळं बारीक केलेत.”

सुनेने तिच्या पाठीवर हात ठेवला. नात हिशेब जुळवावा तशी एकेक प्रश्न विचारू लागली.

“मी हात केला ते दिसलंच नाही त्यांना?”

“नाही.”

“तीन वेळा केला तरी?”

“दिवसभर केला असतास तरी. मेलेल्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, भूक लागत नाही, काही दुखत नाही. रागही येत नाही.”

“राग पण नाही?”

“नाही.”

“खरं?”

हा प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. माझी आधीची साक्ष खोटी ठरली होती. मी म्हणालो, “लिहून देतो.”

“दे.”

मी टेबलाशी गेलो आणि जे सहा कागदांवर जमले नव्हते ते आता सरळ उतरले : “तुझ्या बाबांनी तुझ्याकडे पाहिले नाही, कारण ते मेलेले होते. ते तुझ्यावर रागावलेले नव्हते. जिवंत असते तर त्यांनी पाहिले असते.” खाली सही केली. शिक्का तिच्यापुढे ठेवला. तिने तो शाईच्या गादीवर दाबला, कागदावर मारला, कागद दोन्ही हातांत धरून ओठ हलवीत वाचला. शेवटच्या ओळीवर आली आणि तिचे तोंड वाकडे झाले. दोन महिने अडलेले रडणे बाहेर आले. आईने तिला ओढून घेतले. नळ सोडायला कोणी उठले नाही. समोरच्या दारातून अक्कांनी ऐकले असणार, कारण थोड्या वेळाने त्या पायऱ्या चढून आल्या, काही न विचारता चुलीवर चहा ठेवला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाल्या, “कडी भाईरून घातली, आन् गॅलरीचं दार उगडं. माझीच मेलीची चूक.” त्या दिवशी त्या घरात प्रत्येक जण आपापला गुन्हा कबूल करीत होता.

प्रकरण तिथे संपले असते तर मी ते लिहिले नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसलो होतो. ती स्टुलावर येऊन बसली. मागांच्या लयीत पाय हलवीत राहिली. मग म्हणाली,

“अज्जा, तू पालखीच्या मागंच होतास ना? पांढरी टोपी घालून.”

“होतो.”

“तू तर मेला नव्हतास.”

मी लेखणी खाली ठेवली.

“आधी दोनदा मी बाबांना हात केला,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा तुला केला. तू पण बघितलं नाहीस.”

न्यायालयात मी माणसांना तोंडावर पडलेले पाहिले आहे. बचावाचे मुद्दे मला पाठ आहेत : गर्दी होती, झांजा होत्या, बापाने मुलाला पोहोचवायचे म्हणजे मान खालीच असणार. यांतले प्रत्येक विधान खरे होते आणि तरीही मी ते केले नाही, कारण मला पक्के आठवत होते की मुलाच्या मखरामागून चालताना माझ्या डोळ्यांपुढे मुलगा नव्हता. मी दवाखान्याला लिहायच्या पत्राचे पहिले वाक्य जुळवीत होतो. “घोर निष्काळजीपणा” आधी येऊ द्यावा की तपशील आधी, हे ठरवीत मी आमच्या घरावरून, अक्कांच्या गॅलरीखालून, वळणापर्यंत गेलो होतो. वर एक मूल हात हालवीत होते.

हे मी तिला, तिला कळेल अशा शब्दांत, सगळे सांगितले. “मी मनातल्या मनात पत्र लिहीत होतो. म्हणून पाहिलं नाही. माझी चूक झाली.”

तिने थोडा विचार केला. “कुणाला?”

“दवाखान्याला.”

“त्यांनी बाबांना मारलं?”

“नाही. त्यांनी वाचवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.”

“मग पत्र कशाला?”

अडीच महिने आरोग्य खात्याला जो प्रश्न विचारायला सुचला नाही तो असा स्टुलावर बसून विचारला गेला. मी म्हणालो, मला माहीत नाही. टेबलावरचे अर्धवट पत्र तिने उचलले, उलटे केले आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर हत्ती काढायला घेतला. मी ते परत मागितले नाही.

येत्या रविवारी बाबांना जिथे ठेवले आहे ती जागा पाहायची, असे तिने ठरवले. वळसंगला आमचे थोडे शेत आहे. आमच्या घरातली माणसे तिथे लिंबाखाली पुरलेली आहेत. सून, नात आणि मी सकाळच्या एसटीने गेलो. ज्वारी निघून गेली होती. रानभर धसकटे, कडब्याच्या गंजी, आणि त्यांवर असे निवांत ऊन की बैलाने शेपूट हलवले तरी ते स्वप्नातल्यासारखे सावकाश हलताना दिसे. लिंबाला मोहर आला होता. त्याची बारीक फुले मातीच्या ढिगावर सांडत होती. सुनेने बेलाची पाने वाहिली. तिने त्या दोन महिन्यांत प्रथमच माझ्यासमोर मोकळेपणाने डोळे पुसले. मीही पुसले, लपवण्यासारखे आता कोणापासून काही राहिले नव्हते.

नात ढिगाभोवती फिरून आली. “आत अजून बसूनच आहेत?”

“बसवून ठेवलं आहे. हळूहळू माती होते त्यांची.”

“तोंड कुणीकडं आहे?”

“उत्तरेकडं.”

“उत्तरेला सोलापूर?”

खोटे बोलण्याचा मोह अजूनही सुटत नाही. मी म्हणालो, “सोलापूर थोडं पश्चिमेला पडतं.”

“चालेल,” ती म्हणाली.

“पण त्यांना दिसत नाही, बाळ.”

“माहीत आहे मला. तू लिहून दिलंयस.”

तिने खिशातून खडू काढला, निळा. ढिगाच्या कडेच्या दगडावर काही न काढता नुसता ठेवला.

परत आलो तेव्हा चार वाजले असतील. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिने आईचा हात सोडला आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“अज्जा, तू इथंच थांब. मी गेल्यावर ये. हळू. त्या दिवशी येत होतास तसा.”

“टोपी घालू?”

“घाल.”

टोपी खिशात होती. मी ती घातली. ती पळत गेली, अक्कांच्या दारात शिरली, आणि माडीच्या जिन्यावर तिची पावले वाजली. सून आमच्या दारात जाऊन उभी राहिली. मी चालू लागलो. उन्हाने गल्ली पांढरी पडली होती, माग चालत होते, आणि मला पावलागणिक वाटत होते की पुढे खांद्यांवर काही आहे, झेंडूचा वास येतो आहे, फेट्याचा शेव हलतो आहे. फेटा मी बांधला होता, डावीकडे जरा सैल राहिला होता, हे त्या दिवशी मी पाहिले होते आणि लगेच विसरलो होतो. आज मी पत्र जुळवीत नव्हतो. आज मी त्याच्यामागून चाललो.

गॅलरीखाली आलो आणि मान वर केली. कठड्याच्या सळ्यांमधून तिचे गुडघे, वर दोन वेण्या, आणि ऊन थेट माझ्या डोळ्यांत. तिने हात केला. मी हात केला. ती थांबली, नीट पाहिले, आणि पुन्हा केला. मी पुन्हा केला.

“अज्जा, दिसतोय का?”

“दिसतोय.”

“काय दिसतंय?”

“तू. निळा फ्रॉक. हाताला खडू लागलाय.”

मागून रिक्षाचा भोंगा वाजला. अक्का दारातून ओरडल्या, “काका, रस्त्याच्या मधीच काय उबारलाव? रिक्षा येतीय की मागं! जाऊ द्या त्येला!”

तिने तिसऱ्यांदा हात वर केला होता आणि तो अजून खाली आणला नव्हता. रिक्षावाल्याला थांबणे भाग होते.